रॉक मेकॅनिक्स शिकायचंय, तेही पुण्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाची मुलं, बी.एस्सी. जिऑलॉजी करणारी मुलं आणि साइटवर चार-पाच वर्षं काढल्यावर खडकाचं नीट शिकावं असं वाटू लागलेले इंजिनिअर, हे तिघेही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. कुठे लांबण लागली आहे, कुठे एका ओळीत काम भागलं आहे.

रॉक मेकॅनिक्स म्हणजे जिऑलॉजीच ना?

नाही. खडक कसा आणि कधी तयार झाला, त्यात कोणती खनिजं आहेत, हे जिऑलॉजी सांगते. त्या खडकावर भार टाकला, त्याच्या पोटात बोगदा काढला किंवा डोंगराचा पायथा कापला, तर तो काय करेल, हा रॉक मेकॅनिक्सचा प्रश्न. उत्तर द्यायला जिऑलॉजी लागतेच, शिवाय बल, ताण, घर्षण, पाण्याचा दाब हे सगळंही लागतं.

हा विषय स्वतंत्रपणे उभा राहिला तो दोन मोठ्या दुर्घटनांच्या काळात. 2 डिसेंबर 1959 रोजी फ्रान्समधलं मालपासे धरण फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. काँक्रीटमध्ये खोट नव्हती. डाव्या काठाखालच्या खडकातल्या भेगांमध्ये पाण्याचा दाब साठला आणि धरणाच्या आधाराचा खडकच सरकला. पुढे 9 ऑक्टोबर 1963 रोजी इटलीत वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराची अख्खी कड कोसळली. पाणी धरणावरून उसळून खालच्या गावांवर गेलं, सुमारे दोन हजार माणसं मेली आणि धरण मात्र जवळजवळ जसंच्या तसं उभं राहिलं. या दोहोंच्या मधे, 1962 साली, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये आंतरराष्ट्रीय रॉक मेकॅनिक्स संघटना स्थापन झाली.

पुण्यात सगळीकडे काळा पाषाणच आहे. मग एकाच खडकाचा एवढा अभ्यास कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक अजून कोअरचा (ड्रिलिंग करून काढलेल्या खडकाच्या दंडगोल तुकड्यांचा) डबा उघडून पाहिलेला नसतो.

पुण्याखालचा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून झालेला. पण एका थरातसुद्धा खडक एकसारखा नसतो. थराच्या आतल्या भागात दाट, घट्ट, सांधे (म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगा) असलेला बेसाल्ट सापडतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झालेल्या असतात आणि त्या पुढे झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशा खनिजांनी भरतात. हा अमिग्डलॉइडल बेसाल्ट. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत असतात, तोही अशाच पोकळ्यांमधला. काही थरांच्या माथ्यावर ज्वालामुखी ब्रेशिया, म्हणजे लाव्ह्याचे तुटके तुकडे जुळून झालेला खडक, असतो. दोन थरांच्या मधे कधी रेड बोल हा विटकरी रंगाचा मातकट थर येतो. क्वचित या सगळ्याला उभा छेदत एखादा डाइक, म्हणजे भेगेत शिरून गोठलेल्या शिलारसाची भिंत, जातो.

आता गंमत पाहा. दाट बेसाल्ट हातोड्याला दाद देत नाही, म्हणून नवखा इंजिनिअर त्यावर खूश होतो. अमिग्डलॉइडल दिसायला गचाळ, रंग उडालेला, हातोड्याने खपली निघणारा, म्हणून तो नापसंत. पण दाट बेसाल्टला सांधे भरपूर असतात. त्यांतून पाणी वाहतं आणि बोगद्याच्या छतातून ठोकळे सुटतात. अमिग्डलॉइडलची ताकद कमी, पण त्याला बहुधा सांधेच नसतात, तो एकसंध असतो आणि पाणीही फारसं सोडत नाही. धरणाच्या पायात "खडक मऊ दिसतोय, अजून खोदा" असा हुकूम निघाला, तर चांगला खडक काढून टाकून खालच्या भेगाळ खडकावर येऊन बसण्याची वेळ येते.

एक इशारा मात्र इथेच. काही अमिग्डलॉइडल, काही ब्रेशिया आणि रेड बोल हवा-पाण्याला उघडे पडले की भुसभुशीत होत जातात. खोदल्या दिवशी पहार न शिरणारा थर पुढे बोटाने उकरता येतो. असा थर उघडा पडला की तो लगेच झाकायचा. शॉटक्रीट (फवाऱ्याने मारायचं काँक्रीट) येईपर्यंत वाट पाहू म्हणणाऱ्याला पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते.

सिव्हिलवाल्यांना सोपं जातं की जिऑलॉजीवाल्यांना?

दोघांनाही अर्धंच. सिव्हिलची मुलं मोरचं वर्तुळ (ताणाचे घटक दाखवणारी आकृती) झटकन काढतात, पण खडकाच्या तुकड्यावरची भेग मूळची की ड्रिलिंगने पडलेली हे विचारलं की गप्प होतात. जिऑलॉजीच्या मुलांना ते एका नजरेत कळतं, पण ताणाचे घटक फिरवायचे म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. माझं मत विचाराल तर जिऑलॉजीच्या मुलांनी गणिताची भीती घालवणं तुलनेने लवकर जमतं. डोळा तयार व्हायला जास्त काळ जातो.

गणित किती लागतं?

बारावीचं कॅल्क्युलस, त्रिकोणमिती, सदिश, मोरचं वर्तुळ, थोडं सांख्यिकी. त्यात स्टिरिओनेटची, म्हणजे सांध्यांच्या दिशा कागदावर मांडायच्या गोल जाळीची, भर. स्टिरिओनेट सॉफ्टवेअरवर शिकू नका. निदान सुरुवातीला ट्रेसिंग पेपर, टाचणी आणि पेन्सिल घेऊन दहा-वीस सांध्यांची प्रतलं हाताने काढा. एकदा हाताला वळण पडलं की मग सॉफ्टवेअर वापरा.

आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेसिग्नेशन, म्हणजे खडकाच्या प्रतीचा आकडा) सगळे विचारतात. तो नेमका कसा काढायचा?

ड्रिलिंगच्या एका रनमध्ये (एका खेपेला ड्रिल केलेल्या लांबीत) मिळालेल्या कोअरपैकी 10 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज, भागिले रनची लांबी, गुणिले 100. ही पद्धत डीअर यांनी 1960 च्या दशकात मांडली.

उदाहरण घेऊ. रन 150 सेंटिमीटरचा आहे. डब्यात 32, 21, 14, 8, 27, 6 आणि 11 सेंटिमीटरचे तुकडे आहेत आणि शेवटी 16 सेंटिमीटर भरेल एवढा चुरा. एकूण 135 सेंटिमीटर मिळालं, म्हणजे कोअर रिकव्हरी 90 टक्के. दहाच्या वरचे तुकडे 32, 21, 14, 27 आणि 11, त्यांची बेरीज 105. म्हणून आरक्यूडी 70 टक्के, म्हणजे "मध्यम" गटातला खडक.

परीक्षेत इथे पूर्ण गुण मिळतात. खरं काम यापुढचं आहे. 14 आणि 8 च्या तुकड्यांची टोकं जुळवून पाहा. तोंडं ताजी, खडबडीत, एकमेकांत घट्ट बसणारी असतील तर ती भेग ड्रिलिंगची आहे, मग दोन्ही मिळून 22 चा एकच तुकडा धरायचा. आरक्यूडी एकदम 75 च्या पुढे जातो. तोंडावर तपकिरी डाग, मातीचा लेप किंवा हिरवट पापुद्रा असेल तर तो मूळचा सांधा. हे ड्रिलरला विचारून ठरवायचं नाही, स्वतः तुकडा हातात घेऊन, ओला करून पाहायचं.

दुसरी गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, पण आपल्याकडे तीच जास्त नडते. दाट बेसाल्टमधले सांधे पुष्कळदा उभे असतात, कारण लाव्हा निवताना आक्रसला आणि उभे खांब पडले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा, खांब स्पष्ट दिसतात. आता अशा खडकात उभा बोअर घेतला तर तो दोन उभ्या सांध्यांच्या मधून सरळ खाली जातो, लांबच लांब कोअर मिळतं आणि अहवालात आरक्यूडी 90 लागतो. बोगदा आडवा जाणार, त्याला मात्र दर अर्ध्या-पाऊण मीटरला सांधा भेटणार. यावर उपाय म्हणजे काही बोअर तिरके घ्यायचे. तिरक्या बोअरला पैसे जास्त पडतात, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री त्यांनाच लागते.

प्रयोगशाळेत काय काय करावं लागतं?

मुख्य चाचणी एकअक्षीय (एकाच दिशेने दाबून मोजलेल्या) दाबशक्तीची, भारतीय मानक आयएस 9143 प्रमाणे. एनएक्स या ठरावीक मापाच्या कोअरचा व्यास सुमारे 54 मिलिमीटर, नमुन्याची उंची व्यासाच्या दोन ते तीन पट. दोन्ही तोंडं समांतर आणि गुळगुळीत हवीत. चाचणी काही मिनिटांत होते, वेळ खरा कापण्यात आणि घासण्यात जातो. तोंड जरा तिरकं राहिलं की नमुना कडेने फुटतो आणि आकडा कमी येतो.

समजा नमुना 285 किलोन्यूटनला फुटला. क्षेत्रफळ सुमारे 2290 चौरस मिलिमीटर, म्हणजे ताकद 124 मेगापास्कल. दाट बेसाल्टला शोभणारा आकडा. शेजारच्याच डब्यातला अमिग्डलॉइडल 110 किलोन्यूटनला गेला तर 48 मेगापास्कल. दोन्ही प्रकार कोरडे आणि पाण्यात भिजवलेले, असे दोनदा तपासा. झिओलाइट जास्त असलेल्या नमुन्यांत भिजल्यावर किती फरक पडतो ते पाहिलं की अहवालातला "संपृक्त अवस्था" हा रकाना कशासाठी असतो ते समजतं.

ताणशक्तीसाठी (ओढल्यावर तुटण्याआधी खडक किती सोसतो त्यासाठी) ब्राझिलियन चाचणी आहे, आयएस 10082. साइटवर झटपट अंदाजासाठी पॉइंट लोड (दोन टोकांमध्ये तुकडा दाबून फोडण्याची चाचणी), आयएस 8764. पॉइंट लोडच्या निर्देशांकाला साधारण 22 ते 24 ने गुणून दाबशक्ती काढतात, पण हा गुणक प्रत्येक खडकाला लागू पडत नाही. आपल्या खडकासाठी दोन्ही चाचण्या करून स्वतःचा गुणक काढलेला बरा.

प्रयोगशाळेत एवढा भक्कम खडक बोगद्यात का कोसळतो?

54 मिलिमीटरच्या नमुन्यात सांधा नसतो, डोंगरात असतो. विषयाचा गाभा इथेच आहे, म्हणून थोडं गणित करून पाहू.

बेसाल्टची घनता घनमीटरला सुमारे 2.9 टन. म्हणजे दर मीटर खोलीला उभा ताण साधारण 0.028 मेगापास्कलने वाढतो. सह्याद्रीत 200 मीटर खोलीवर बोगदा धरला तर उभा ताण 5.6 मेगापास्कल. गोल भोकाच्या कडेला ताण वाढतो. चहूबाजूंनी सारखा ताण धरला तर दुप्पट होतो, म्हणजे सुमारे 11 मेगापास्कल. आणि खडकाची ताकद शंभराच्या पुढे. या हिशेबाने आपल्याकडचा बोगदा कधी पडूच नये.

पडतो तो ठोकळ्यांनी. तीन दिशांचे सांधे एकत्र आले की छतात पाचर तयार होते, बोगदा खणल्यावर तिचा खालचा आधार जातो आणि ती स्वतःच्या वजनाने सुटते. खडक फुटण्याचा संबंधच येत नाही. म्हणून दख्खनात काम करणाऱ्याने आधी सांध्यांची दिशा, अंतर, खडबडीतपणा, त्यात भरलेला माल आणि पाणी पाहायचं. दाबशक्तीचा आकडा त्यानंतर. सांध्यांची नोंद कशी करायची ते आयएस 11315 मध्ये भागवार दिलं आहे. कंटाळवाणं आहे, पण वाचा.

आरएमआर शिकू की क्यू?

दोन्ही. या खडकाची प्रत ठरवण्याच्या पद्धती आहेत. आरएमआर (रॉक मास रेटिंग) बीनियावस्की यांनी 1973 मध्ये मांडला, 100 पैकी गुण देतो. क्यू नॉर्वेत बार्टन, लीन आणि लुंडे यांनी 1974 मध्ये दिला, त्यात सहा घटकांचे तीन भागाकार आणि त्यांचा गुणाकार. भारतीय मानक आयएस 13365 मध्ये या वर्गीकरणांचे भाग आहेत. एकाच बोगद्याच्या तोंडाला दोघांनी वेगवेगळे गुण दिले तर भांडू नका, प्रत्येकाने कोणत्या सांध्याला किती गुण दिले ते शेजारी ठेवून पाहा. शिकणं तिथेच होतं. एकसंध पण मऊ ब्रेशियामध्ये मात्र या दोन्ही पद्धती थोड्या चाचपडतात, कारण त्या मुळात सांधे असलेल्या खडकासाठी बांधल्या आहेत.

पुण्यात इमारतीला खडक लवकर लागतो. तिथे रॉक मेकॅनिक्स लागतं का?

लागतं. "खडक लागला" म्हणून खोदाई थांबवतात, पण पुष्कळदा तो सुट्या धोंड्याचा माथा असतो आणि बाजूला मुरूमच असतो. किंवा पातळ घट्ट थराखाली रेड बोल किंवा ब्रेशिया दडलेला असतो. म्हणून पायाच्या पातळीखालीही बोअर न्यावा लागतो. खडकावरच्या उथळ पायांसाठी आयएस 12070 आहे.

दुसरा भाग पैशांचा. सरकारी दरसूचीत मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांच्या खोदाईचे दर वेगळे. ठेकेदार म्हणतो कठीण, शाखा अभियंता म्हणतो मऊ, आणि बिल अडकतं. ज्याला खडकाचं वर्णन नेमक्या शब्दांत लिहिता येतं त्याची नोंद टिकते. तीन-चार मजली तळघरं खोदताना शेजारच्या जुन्या इमारतीला ब्लास्टिंगचे हादरे किती पोचतात, हा तिसरा भाग. पेठांमध्ये तर हाच पहिला.

पुणे मेट्रोच्या भुयारातून काय शिकण्यासारखं आहे?

बरंच. शिवाजीनगरच्या बाजूने स्वारगेटपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरचा भाग जमिनीखाली आहे, मुठा नदीच्या पात्राखालून आणि पेठांच्या खालून जाणारा. बोगदे टीबीएमने (बोगदा खणणाऱ्या यंत्राने) काढले, यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नावं. डिस्ट्रिक्ट कोर्ट स्थानक सुमारे 33 मीटर खोल. एवढ्या खोलीला घट्ट खडक मिळतो, वरच्या जुन्या वाड्यांपासून अंतर राहतं आणि नदीखालीही डोक्यावर पुरेसा खडक उरतो. त्या स्थानकाच्या सरकत्या जिन्याने खाली जाताना मुरूम कुठे संपला असेल आणि खडक कुठे सुरू झाला असेल, याचा अंदाज बांधत जा. भिंती झाकलेल्या आहेत, पण सवय चांगली आहे.

घाटातल्या दरडी आणि माळीणसारखी घटना एकच का?

नाही, आणि हा गोंधळ बातम्यांमध्ये नेहमी दिसतो. आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 रोजी गाडलं गेलं, ते मुसळधार पावसात डोंगरउतारावरची माती आणि झिजलेला खडक चिखल होऊन खाली आल्याने. तो मुख्यतः मृदा यांत्रिकीचा विषय.

बोरघाटात एक्सप्रेसवेवर सुटे धोंडे येतात ते वेगळं. आपल्याकडे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, त्यामुळे थरावरून अख्खी कड घसरण्याचा प्रकार कमी. होतं असं की खालचा ब्रेशिया किंवा रेड बोल लवकर झिजतो, वरच्या घट्ट बेसाल्टचा खांब पुढे लोंबत राहतो, मागच्या उभ्या सांध्यात पावसाचं पाणी भरतं आणि खांब पुढे कलंडतो. अशा ठिकाणी फक्त जाळी लावून भागत नाही. खालचा मऊ थर झाकावा लागतो, पाण्याला वाट काढून द्यावी लागते, लोंबणारे ठोकळे बोल्टने बांधावे किंवा उतरवून घ्यावे लागतात.

पानशेत खडकामुळे फुटलं का?

नाही. 12 जुलै 1961 ला फुटलेलं पानशेत मातीचं धरण होतं आणि काम पुरं झालेलं नव्हतं. तो अभ्यास वेगळ्या पेपरात.

कोयनेचे भूकंप धरणामुळे होतात, हे खरं का?

कोयनेचा जलाशय 1962 पासून भरू लागला आणि 11 डिसेंबर 1967 रोजी तिथे मोठा भूकंप झाला. जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांचं हे जगात सर्वाधिक अभ्यासलेलं उदाहरण. ताण तिथे आधीपासून साचलेला असतो. पाणी भेगांत शिरून दाब वाढवतं, भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारा प्रभावी ताण कमी होतो आणि घर्षण अपुरं पडतं. सूत्र तेच, जे मालपासेच्या काठाला लागू होतं. कराडजवळच्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेने तिथे 3 किलोमीटर खोल बोअर घेतला आहे. बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागतो. भूकंप होतात ते त्या खालच्या खडकात.

पुण्यात शिकायचं कुठे?

1854 पासून चालू असलेलं सीओईपी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि त्याची संलग्न महाविद्यालयं, जिऑलॉजीसाठी फर्ग्युसन. बहुतेक ठिकाणी पदवीला अभियांत्रिकी भूशास्त्राचा पेपर असतो आणि रॉक मेकॅनिक्स त्याच्या पोटात किंवा ऐच्छिक म्हणून येतं. अभ्यासक्रम बदलत राहतो, म्हणून प्रवेशाआधी चालू वर्षाचा आराखडा पाहा. 1916 मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला आहे, धरणांच्या खडकाचं काम तिथे चालतं. इंटर्नशिपसाठी महाविद्यालयामार्फत, रीतसर पत्र देऊन विचारा. पदव्युत्तरसाठी मुंबईची आयआयटी, नागपूरचं व्हीएनआयटी आणि धनबादची आयआयटी ही नावं लक्षात ठेवा. घरबसल्या एनपीटीईएलची (आयआयटींची ऑनलाइन) व्याख्यानं फुकट आहेत आणि चांगली आहेत.

गेटमध्ये हा विषय कुठे येतो?

सिव्हिलच्या पेपरात जवळजवळ नाहीच, तिथे माती. मायनिंगच्या पेपरात भरपूर, जिऑलॉजीच्या पेपरात अभियांत्रिकी भूशास्त्र म्हणून. जिऑलॉजीत एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षाही आहे.

सरावासाठी पुण्याच्या आसपास कुठे जायचं?

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं लेणं, भर शहरात, एकाच बेसाल्टमध्ये कोरलेलं. छताकडे पाहून सांधे शोधा. मग वेताळ टेकडीवरची जुनी खाण, तिथे उभा छेद समोरच मिळतो. सिंहगडावर चढताना थरांच्या सीमा मोजा. वाटेची चढण जिथे एकदम सपाट होते तिथे बहुधा खडक बदललेला असतो. सवड काढून कार्ल्याला जा. तिथलं चैत्यगृह सुमारे 38 मीटर लांब आहे आणि दोन हजार वर्षं बोल्टशिवाय उभं आहे. खडक निवडणाऱ्याने सांधे पाहिले असणार, याबद्दल मला तरी शंका नाही. लेण्यांमध्ये हातोडा काढायचा नाही, ती संरक्षित स्मारकं आहेत. चालू खाणीत परवानगीशिवाय आणि ब्लास्टिंगची वेळ विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

पिशवीत काय असावं?

क्लायनोमीटर (कल मोजणारं साधन) असलेलं होकायंत्र, हातोडा, गॉगल, हेल्मेट, 10x भिंग, मोजपट्टी, पाण्याची बाटली खडक ओला करण्यापुरती जास्तीची, आणि पक्क्या बांधणीची वही. मोबाइलवरच्या होकायंत्राने नती (थराचा किंवा सांध्याचा कल) आणि दिशा झटपट मिळते, पण लोखंडी सळ्या किंवा गाडीजवळ ते चुकतं. साधं होकायंत्रही चुकतं. बेसाल्ट स्वतःच थोडा चुंबकीय असतो, म्हणून खडकाला चिकटवून एकदा आणि हातभर लांब धरून एकदा, अशी दोनदा नोंद घ्या.

पावसाळ्यात फिल्डला जावं का?

पाणी कोणत्या सांध्यातून येतं ते पाहायला याहून चांगला काळ नाही. पण कड्याखाली आणि ताज्या कापलेल्या उताराखाली थांबू नका, समोरच्या बाजूने दुर्बिणीतून पाहा, आणि मोजमापं दिवाळीनंतर घ्या.